खोडदला निघालेल्या भाचीसाठी कानमंत्र

भाचीबाई,

विद्यापीठाच्या आवारात एनसीआरएमध्ये तुझी पीएचडी सुरू झाली आणि तुझी आई आळीभर सांगत सुटली, की आमची पोरगी शास्त्रज्ञ झाली. सांगू दे तिला. तू मात्र पुढची पाच-सहा वर्षं शिकाऊच आहेस. त्यात कमीपणा काही नाही. शिकाऊ माणसाला वाटेल ते विचारायची मुभा असते, ती पुढे राहत नाही.

तुझं बरंचसं काम आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात होणार. नारायणगावच्या पूर्वेला खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ मध्यभागी दाटीनं आणि १६ तीन दिशांना शेताशिवारांतून पसरलेल्या. इकडे आंबेगावात गिरवलीला आयुकाची दोन मीटर आरशाची दुर्बीण २००६पासून उभी आहे. एवढी मोठी यंत्रं बघून पोरांना वाटतं, इथं सगळं मोठ्या बुद्धीवर चालतं. चालतं ते लहान लहान सवयींवर. त्या खाली लिहितोय. पुस्तकात त्या सापडायच्या नाहीत, कारण पुस्तकं लिहीपर्यंत माणसं आपले खड्डे विसरतात. तुझा मामा विसरलेला नाही, त्यानं यातला एकही खड्डा सोडलेला नाही.

आधी वहीचं बोलू. बहुतेक दुखणी तिथूनच सुरू होतात.

१. शिवलेल्या पानांची जाड वही घे आणि पानांना आधीच नंबर घाल — सुटा कागद आधी चहाच्या कपाखाली जातो आणि तिथून रद्दीत.

२. केलं की लगेच लिही, जेवून आल्यावर नाही — लिहिलं ते उरलं, आठवलं ते सरलं.

३. वेळ लिहिशील तिथं ती आपली की यूटीसी, हे दर वेळी लिही — मध्ये साडेपाच तासांचं अंतर आहे. खोडदला रात्रीचा एक वाजतो तेव्हा यूटीसीत आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, म्हणजे नुसतं घड्याळ नाही, तारीखही चुकते.

४. त्या रात्री कोणत्या तबकड्या बंद होत्या, कोणती मध्येच रुसली, हे नावानिशी टिपून ठेव — सहा महिन्यांनी चित्रात डाग दिसला, तर तो आकाशातला की आपल्याच घरातला, हे त्या एका ओळीवरून कळतं.

५. फसलेलं काम जास्त तपशिलात लिही — जमलेलं पेपरात जातं. फसलेल्याला वहीशिवाय जागा नाही, आणि तिथंही नसलं तर पुढच्या वर्षी तूच ते पुन्हा फसवशील.

६. फाइलला 'फायनल', 'फायनल दोन', 'खरंच फायनल' अशी नावं देऊ नकोस. हसू नकोस, देशीलच. नावात तारीख, स्रोत आणि आवृत्ती असू दे — रात्री दोन वाजता शोधणारीला विनोद सुचत नसतो.

७. डेटाच्या तीन प्रती ठेव, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत — हार्ड डिस्क मरायच्या आधी निरोप पाठवत नाही.

८. प्रोग्रॅम लिहिलास की दर दहा-वीस ओळींनी आपल्या भाषेत टीप टाक — सहा महिन्यांनंतरची तू ही आजच्या तुला न ओळखणारी बाई असते.

वहीची एवढी भुणभुण का, ते सांगतो. २०२३च्या जूनमध्ये आपल्या देशातल्या गटानं युरोपातल्या मंडळींबरोबर जाहीर केलं, की विश्वात सगळीकडे अतिशय संथ गुरुत्वीय लहरींची गुणगुण असल्याचा पुरावा दिसतोय. त्यात खोडदच्या तबकड्यांचा वाटा होता. काम काय होतं? तेच ते स्पंदक तारे पुन्हा पुन्हा बघायचे, त्यांचे ठोके मोजायचे आणि नोंदवायचे, तेही वर्षानुवर्षं. त्यातल्या एखाद्या मंगळवारी रात्री बसलेल्या पोराला जांभया देताना वाटलंही नसेल, की आपण काही विशेष करतोय. पण त्याची नोंद चोख होती, म्हणून पुढच्यांना हिशोब लावता आला.

आता नियंत्रण कक्षात कसं वागायचं ते.

९. मोबाइल बंद म्हणजे बंद, खिशात गपगुमान जागा ठेवलेला नव्हे — दुर्बीण ज्या जातीच्या लहरी ऐकते त्याच जातीच्या लहरींवर तो बोलतो, आणि कुठल्याही दीर्घिकेपेक्षा अफाट मोठ्यानं बोलतो. इथली डोंगरांच्या आडोशाची जागा उगाच निवडलेली नाही.

१०. ऑपरेटरला पहिल्या दिवशी नाव विचार आणि नावानंच हाक मार, पुढे दादा किंवा ताई लावून — तुझा डेटा येणार त्यांच्या हातून, आणि कोणती तबकडी थंडीत कुरकुरते हे कुठल्याही मॅन्युअलपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

११. पाळी सुरू व्हायच्या तासभर आधी पोच — धावत आलेल्या माणसाची पहिली अर्धी नोंद घामानंच भरते.

१२. कॅलिब्रेटर, म्हणजे ज्याच्यावरून बाकीची मापं लावायची तो ओळखीचा स्रोत, नीट दिसतोय ना, हे सुरुवातीलाच बघ, सकाळी नाही. थ्री सी ४८, थ्री सी १४७, थ्री सी २८६ ही नावं शेजाऱ्यांच्या नावांइतकी पाठ असू देत — कॅलिब्रेटर चुकला तर अख्खं आकाश खोटं.

१३. वारा वाढला आणि ऑपरेटरनं तबकड्या आभाळाकडे तोंड करून थांबवल्या, तर हुज्जत घालू नकोस — तुझं प्रपोजल एका हंगामाचं आहे, तबकडी तुझ्या नातवंडांसाठी उभी राहायची आहे.

१४. पहिल्यांदा थोडाच डेटा घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळी प्रक्रिया करून बघ, मग बाकीच्याला हात लाव — आठवडाभर चालवलेल्या प्रोग्रॅममध्ये सातव्या दिवशी सापडलेली चूक पहिल्या दिवशीही तिथंच बसलेली असते.

१५. विचित्र ठिपका दिसला तर पुसायच्या आधी त्याची वेळ लिहून ठेव — शंभरातले नव्व्याण्णव ठिपके कुणाच्या तरी विजेच्या तारेवरची ठिणगी निघतात, पण शंभरावा पुसला तर परत मिळत नाही.

त्या शंभराव्याची गोष्ट तुला माहीत असेल, तरी ऐक. १९६७ साली केंब्रिजला जोसेलिन बेल नावाची पीएचडीची विद्यार्थिनी कागदाच्या लांबलचक पट्ट्यांवर उमटलेल्या रेघा डोळ्यांनी तपासत होती. एका जागी तिला चिमूटभर गोंधळ दिसला. तो माणसाच्या घड्याळाप्रमाणे येत नव्हता, ताऱ्यांच्या घड्याळाप्रमाणे येत होता. तिनं तो सोडला नाही, आणि त्यातून पहिला स्पंदक तारा सापडला. १९७४चं नोबेल तिच्या गाईडला मिळालं, तिला नाही. या गोष्टीचा पहिला भाग पोरांनी लक्षात ठेवायचा आणि दुसरा गाईड लोकांनी. पण व्यवहारात दोन्ही भाग तुलाच लक्षात ठेवावे लागतील, म्हणून पुढे श्रेयाबद्दलही लिहिलंय.

१६. गिरवलीला जायचं तर मुख्य यादीच्या जोडीला उजळ ताऱ्यांची दुसरी यादी ने — ढग कुणाच्या प्रपोजलला भीत नाही. पातळ ढगांतूनही काही तरी करता आलं, तर रात्र वाया जात नाही.

१७. पावसाळ्यात गिरवलीची आशा धरू नकोस, खोडदची धर — रेडिओ लहरींना आपल्या जुलैचं फारसं काही वाटत नाही. डोळ्यांच्या दुर्बिणीला मात्र घुमट मिटून बसावं लागतं. ते चार महिने लिहायला ठेव.

१८. डिसेंबर-जानेवारीत स्वेटर, कानटोपी आणि मोजे घेऊनच ये — नारायणगावची पहाट पुणेकरांना खोटी वाटते, लागेपर्यंत.

गाईडबद्दल जरा सावकाश बोलतो. पोरं सगळ्यात जास्त इथंच रडतात, आणि सगळ्यात कमी इथंच विचारतात.

१९. गाईड ठरवायच्या आधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोल, त्यातही सोडून गेलेल्या एकाशी तरी — जे टिकले ते चांगलंच सांगणार. जो गेला तो का गेला, हे ऐकल्याशिवाय हिशोब पुरा होत नाही. आणि ऐकलेलं सगळंच खरं मानू नकोस.

२०. दर आठवड्याला भेटायची वेळ बांधून घे आणि जाताना अर्धं पान लिहून ने: काय झालं, कुठं अडलं, काय हवंय — सरांच्या डोक्यात दहा जणांचे विषय फिरत असतात. तुझा विषय त्यांना पहिल्या मिनिटात आठवला, तर उरलेला वेळ तुझ्या कामी येतो.

२१. भेटीनंतर चार ओळींचा ईमेल कर: 'आज आपलं असं ठरलं' — ठरलेलं लिहिलेलं नसलं, तर तीन महिन्यांनी दोघांनाही वेगवेगळं आठवतं, आणि थोरांचं आठवलेलं खरं धरतात.

२२. काही झालेलं नसलं तरी भेट चुकवू नकोस, 'काही झालं नाही' हेच सांग — एक चुकवलेली भेट दुसरीला बोलावते, मग जिन्यात सर दिसले की पाय आपोआप मागे वळतात.

२३. शंका आली त्याच आठवड्यात विचार, मग ती कितीही बाळबोध असो — ताजी शंका चहावर भागते, शिळी झाली की थिसिस मागते.

२४. एक गाईड पुरत नाही. एक सीनियर, एक दुसऱ्या विषयातलं थोर माणूस आणि एक संस्थेबाहेरचं, असे तिघे तरी मनात नेमून ठेव. त्यांना कळवलं नाहीस तरी चालेल — एकाच माणसाकडून विद्या, शिफारस, नोकरी आणि धीर एवढं सगळं मागणं त्या माणसावरच अन्याय आहे.

या चोविसाव्याला मोठा दाखला आहे. जीएमआरटी ज्यांनी उभारली ते गोविंद स्वरूप १९५३ साली तरुण वयात सिडनीला शिकायला गेले. तिथल्या जोसेफ पॉसी यांनी त्यांना आणि त्यांच्याबरोबरच्या पार्थसारथींना एकाच टेबलाला बांधलं नाही. वेगवेगळ्या गटांत तीन-तीन महिने काम करायला लावलं आणि मग दोघांच्या हाती एक स्वतंत्र काम दिलं. आजकाल मेंटॉरिंगवर दिवसभराच्या कार्यशाळा होतात, जेवणही चांगलं असतं, पण पॉसींच्या त्या वेळापत्रकापुढे सांगण्यासारखं मी तिथं काही ऐकलं नाही.

पुढची गोष्ट आणखी कामाची. सिडनीत सहा-सहा फुटांच्या ३२ तबकड्या निकालात निघणार होत्या. स्वरूपांनी त्या भारतासाठी मागितल्या, आणि मिळाल्या. मग वाहतुकीचा खर्च, मग दिल्लीत पडून राहणं. शेवटी १९६५मध्ये कल्याणजवळ त्यांची दुर्बीण उभी राहिली, मागितल्यापासून दहाएक वर्षांनी. मध्यंतरी स्वरूपांनी अमेरिकेत पीएचडी केली आणि १९६१मध्ये तीन सहकाऱ्यांबरोबर मिळून होमी भाभांना पत्र लिहिलं, की आम्ही परत येऊन रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभारायला तयार आहोत. भाभांनी १९६२च्या जानेवारीत तारेनं होकार दिला, आणि १९६३मध्ये स्वरूप भाभांच्या संस्थेत, टीआयएफआरमध्ये, रुजू झाले.

२५. म्हणून दुसऱ्यांनी टाकलेलं यंत्र, जुना डेटा, अर्धवट प्रोग्रॅम मागायला लाजू नकोस — खोडदच्या संग्रहात लोकांनी घेतलेल्या आणि पुरत्या न पाहिलेल्या नोंदी पडून आहेत. नवीन प्रश्नाला नवीन निरीक्षण लागतंच असं नाही.

२६. मोठ्या माणसाला पत्र लिहायचं तर एका पानात: प्रश्न काय, तू काय करणार, त्यांच्याकडून काय हवं — तीन पानी पत्र सवडीनं वाचू म्हणून बाजूला ठेवतात, आणि सवड कुणाला आहे?

२७. जमत नसेल तर गाईड बदलता येतो, हे ध्यानात ठेव. पण रागाच्या दिवशी अर्ज करू नकोस — आठ दिवसांनीही तेच वाटलं तर कर, आणि कुणाची निंदा न करता कर. आपलं क्षेत्र लहान आहे, परिषदेत जेवणाच्या रांगेत सगळे पुन्हा भेटतात.

२८. कुणी बोलण्यात किंवा वागण्यात मर्यादा सोडली, तर ते सोसायचं नाही. संस्थेच्या अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं पहिल्याच महिन्यात वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव — २०१३च्या कायद्याप्रमाणे घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची असते, आणि घाबरलेल्या माणसाला त्या वेळी पत्ता शोधणं सुचत नाही. आणि मला फोन कर, कितीही वाजता.

आता प्रपोजल, पेपर आणि भांडणं.

२९. जीएमआरटीचा वेळ वर्षातून दोनदा मागता येतो. मुदतीच्या महिनाभर आधी कच्चं प्रपोजल तयार ठेव आणि ते दुसऱ्या विषयातल्या मैत्रिणीला वाचायला दे — समितीतले सगळे तुझ्या विषयातले नसतात. तिला कळलं तर त्यांना कळेल.

३०. नकार आला की त्या दिवशी फक्त जेव आणि झोप, रेफरीचं म्हणणं दुसऱ्या दिवशी वाच — पहिल्या दिवशी रेफरी मूर्ख वाटतो, दुसऱ्या दिवशी निम्मा बरोबर, आणि आठवड्यानं त्याचीच दोन वाक्यं आपण पुढच्या प्रपोजलात घालतो.

३१. पेपरावर कुणाची नावं, कुठल्या क्रमानं, हे काम सुरू करतानाच बोलून घे — नावं आधी ठरली तर मनं नंतर फाटत नाहीत.

३२. स्वतःचं नाव एकाच पद्धतीनं लिही आणि ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाच्या ओळखीचा, सोळा अंकी नंबर आजच काढ — आपल्याकडे कधी वडिलांचं नाव मध्ये, कधी आडनाव आधी, लग्नानंतर आणखी निराळं. यंत्राला त्या चार वेगळ्या बायका वाटतात आणि तुझे पेपर चौघींत वाटले जातात. लग्नानंतर कागदोपत्री नाव बदललंस तरी पेपरावरचं बदलायलाच हवं असं नाही. तुझ्या आईला हे मी समजावीन.

३३. आभाराच्या ओळीत जीएमआरटीच्या कर्मचाऱ्यांचा उल्लेख विसरू नकोस, आणि पेपर छापून आला की त्याची एक प्रत नियंत्रण कक्षात नेऊन दे — ते वाचतीलच असं नाही, पण पुढच्या वेळी रात्री तीन वाजता तुझी तबकडी अडली तर कोण धावेल, हे तिथं ठरतं.

३४. आलेख दुसऱ्याला दाखवल्याशिवाय पाठवू नकोस — घाईचा आलेख रेफरीच्या दारात उघडा पडतो.

३५. तुझं थोर संशोधन आमच्या नियतकालिकात छापू, फक्त फी भरा, अशी गोड गोड मेल आली तर पुसून टाक — जे आपल्याला न वाचताच थोर म्हणतात, त्यांची नजर कामावर नसते, पाकिटावर असते.

३६. मतभेद झाला तर पुराव्याशी भांड, माणसाशी नाही — माणूस उद्या तुझ्याच समितीवर बसेल.

या छत्तिसाव्यासाठी तुला एकदा बोरी बुद्रुकला नेईन. कुकडीच्या काठावर तिथं ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या संगतीनं अश्मयुगातली दगडी हत्यारं सापडली आहेत. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी त्यावर खूप काम केलं. राखेचं वय काय? एका मोजणीत १४ लाख वर्षं आलं, पुढच्या पद्धतीनं पावणेसात लाखांच्या आसपास, आणि इतर संशोधक म्हणाले, ही इंडोनेशियातल्या टोबाची राख आहे, सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची. एवढा फरक! तो वाद पुढे सरकला तो नमुना कुठला, थर हललेला की जागचा, राखेचं रसायन काय, या प्रश्नांमुळे. कोण थोर आणि कोण ज्येष्ठ यानं काही सुटलं नाही. नदीकाठी उभं राहिलं की ते प्रश्न पायाखाली दिसतात, म्हणून म्हणतो, एकदा बघून ये.

३७. सेमिनारला पुढच्या दोन रांगांत बस आणि एक प्रश्न विचार, एकच — दुसऱ्या प्रश्नात बहुतेक लोक स्वतःची माहिती सांगतात.

३८. स्वतःचं भाषण मोठ्यानं, उभं राहून, घड्याळ लावून तीनदा म्हण — नारायणगाव तमाशाची पंढरी, विठाबाईंचं गाव. तालमीशिवाय बोर्डावर उभा राहणारा फड तिथं पुढच्या जत्रेची सुपारी घेऊन जात नाही, तर परिषदेतल्या लोकांनी तरी तुला का ऐकावं?

३९. इंग्रजी अडलं तर विचार आधी मराठीत लिही, मग तिकडे ने — अडचण बहुतेक वेळा इंग्रजीची नसते, विचारच अजून पिकलेला नसतो, आणि ते आपल्या भाषेत लवकर उघडं पडतं. वर्षातून एक लेख मराठीतही लिही. जयंत नारळीकरांनी आयुका उभी करता करता मराठीत विज्ञानकथा लिहिल्या, त्यानं त्यांचं विश्वरचनाशास्त्र काही पातळ झालं नाही.

पैसा आणि देह यांवर थोडक्यात. यात शहाणपण कमी आणि शिस्त जास्त.

४०. जेआरएफचे जानेवारी २०२३पासून महिना ३७ हजार आणि एसआरएफचे ४२ हजार मिळतात, पण दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मिळतीलच असं नाही. तीन महिन्यांचा खर्च बाजूला टाकल्याशिवाय नवा फोन घेऊ नकोस — फेलोशिपला उशीर झाला तर दुकानदार थांबतो, मेसवाल्या काकू थांबत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

४१. रात्रपाळी करून सकाळी पुणे-नाशिक रस्त्यावर गाडी चालवायची नाही. झोप काढ, मग एसटीनं जा — एक डुलकी आणि एक उसाची ट्रॉली एवढंच पुरतं.

४२. अंधारात उसाच्या कडेनं एकटी पायी जाऊ नकोस, सोबत घे आणि बॅटरी लाव — जुन्नरचा बिबट्या गोष्टीतला नाही, तो शेजारी आहे.

४३. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत पीएचडी कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षांची आहे. स्त्रियांना त्यापुढे आणखी मुदत आहे, बाळंतपण-संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही आहे. लागेल तेव्हा उपकार मागितल्यासारखी मागू नकोस, नियमाचा कागद सोबत ने — ऑफिसातल्या सगळ्यांनी तो वाचलेला असतोच असं नाही.

बिबट्याचं नाव निघालंच आहे तर सांगतो. या शतकाच्या सुरुवातीला जुन्नर भागात बिबट्यांचे माणसांवरचे हल्ले फार वाढले होते. तेव्हा विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वन खात्याच्या नोंदी घेऊन बसून अभ्यास केला, आणि सगळ्यांच्या समजुतीच्या उलटं निघालं: पकडून लांब सोडल्यानं हल्ले घटले नव्हते, वाढले होते. हा पेपर २०११मध्ये आला. यातलं मला सगळ्यात काय आवडतं सांगू? प्रश्न दूरच्या प्रयोगशाळेतून आला नव्हता, तो इथल्या उसात होता, आणि त्याचं उत्तर खात्याच्या रजिस्टरांत पडून होतं. तुझा विषय कोट्यवधी प्रकाशवर्षं लांबचा असेल, तरी कान इकडे असू देत.

४४. शेतातून जाताना बांधानं जा, आणि आधी विचारून जा — तबकडी सरकारची असेल, कांदा त्यांचा आहे.

४५. गावात कुणी रेल्वेवरून बोललं तर वाद घालू नकोस, ऐकून घे — पुणे-नाशिक रेल्वेचा आखलेला मार्ग जीएमआरटीच्या आक्षेपामुळे अडला. दुर्बिणीची बाजू तुला माहीत आहे, पण स्टेशनची वाट बघणाऱ्याची बाजूही खोटी नाही. आपल्या विज्ञानाचा भुर्दंड कोण भरतो, हे संशोधकाला ठाऊक असावं.

४६. माळीणला गेलीस तर वही आणि कॅमेरा पिशवीत राहू दे — ३० जुलै २०१४च्या सकाळी तिथं डोंगर आला आणि दीडशेवर माणसं गेली. नंतर अभ्यासाला पुष्कळ जण आले, प्रश्नावल्या भरून गेले. परत येऊन काय निघालं ते किती जणांनी सांगितलं, ते गावालाच विचार. माणसांकडून माहिती घेतलीस तर निष्कर्ष त्यांना मराठीत सांगायला परत जायचं, हा नियम कुठल्या समितीनं घातला नसला तरी तू पाळ.

४७. २८ फेब्रुवारीला खोडदला विज्ञान दिनाचं प्रदर्शन भरतं, शाळांची पोरं लोटतात. त्या दिवशी सुट्टी घेऊ नकोस, स्टॉलवर उभी राहा — तुझा विषय सातवीतल्या पोराला पाच मिनिटांत सांगता येईना, तर थिसिसचं पहिलं प्रकरण अजून तयार नाही. आणि आईबाबांनाही त्याच दिवशी बोलाव. तबकडीखाली उभं राहून वर बघितलं की 'लग्नाचं काय' हा प्रश्न निदान त्या दुपारपुरता मागे पडतो.

४८. तुझ्यामागून कुणी पहिल्या वर्षाला आलं की तुझी जुनी टिपणं त्याला दे, प्रोग्रॅम दे, मेस कुठली बरी तेही सांग — आपण धडपडलो म्हणून त्यानंही धडपडावं, हा हट्ट गुरूंचा नसतो, सासूचा असतो.

एवढं पुरे. सगळं एका दमात करायला जाऊ नकोस, तू करशीलही, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. या आठवड्यात तीनच गोष्टी कर: वहीच्या पानांना नंबर घाल, ऑर्किडचा नंबर काढ, आणि गुरुवारी सरांकडे जाताना ते अर्धं पान लिहून ने. बाकीचं नारायणगावला आलीस की बोलू. यायच्या आदल्या दिवशी कळव, मामी मासवडीचा घाट घालते आणि तिला वेळ लागतो.

तुझा मामा